होडीतून जंजिऱ्याकडे

औशाचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. तो भुईकोट किल्ला आहे. शत्रूला तटापर्यंत सहज पोहोचता येऊ नये, म्हणून त्याच्याभोवती खोल खंदक खणलेला आहे. पण ज्या किल्ल्याचा खंदक म्हणजे प्रत्यक्ष समुद्रच आहे, असा किल्ला तुम्ही पाहिला आहे का? तो आहे मुरूडचा जंजिरा. आपल्या लातूर जिल्ह्यातही मुरूड नावाचे गाव आहे. पण हे मुरूड रायगड जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठी आहे.

'जंजिरा' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. अरबी भाषेत 'जझीरा' म्हणजे बेट. त्यावरूनच मराठीत 'जंजिरा' हा शब्द आला. या बेटावर सुमारे २२ एकर जागेत किल्ला उभा आहे. तो सिद्दी सरदारांनी राखला. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचे प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून वाट तयार करण्याचा प्रयत्न केला. तरीही किल्ला हाती आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. आता तेथे शत्रू येत नाहीत, सहलीला आलेली माणसे येतात.

किल्ल्यावर जाण्यासाठी मुरूडजवळच्या राजपुरी गावातून होड्या सुटतात. या होड्या तेथील गावकऱ्यांच्याच असतात. काही होड्या अजूनही शिडाच्या आहेत. उंच डोलकाठीला मोठे तिकोनी शीड बांधलेले असते. शिडात वारा भरला, की होडी पुढे सरकते. वारा समोरून येत असेल तर काय करायचे? अशा वेळी होडी सरळ नेता येत नाही. ती आधी तिरकी एका बाजूला नेतात, मग वळवून तिरकी दुसऱ्या बाजूला नेतात. असे वळसे घेत ती किल्ल्याजवळ पोहोचते. होडी चालवणाऱ्या खलाशांच्या प्रमुखाला 'तांडेल' म्हणतात. होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील 'नाखुदा' तो हाच!

तांडेल होडी सोडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो. पहिली गोष्ट वारा. दिवसा उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापते. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील थंड हवा तिची जागा घेण्यासाठी धावते. हे खारे वारे होत. दुपारनंतर ते जोराने वाहतात व लाटा वाढतात. म्हणून सकाळचा समुद्र बहुधा शांत असतो.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. समुद्राचे पाणी सुमारे सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. हा खेळ मुख्यतः चंद्राच्या ओढीने चालतो. ईदचा चंद्र दिसतो त्या सुमारास आणि चौदावीच्या चंद्राच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला 'उधाण' म्हणतात. अर्धा चंद्र असतो तेव्हा पाणी कमी चढते. त्याला 'भांग' म्हणतात. भरतीची वेळ ओळखण्याचा एक सोपा हिशेब कोकणात सांगतात. तिथीची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी, पूर्ण भरती असते. घड्याळ नसतानाही कोळी लोक आकाशातील चंद्र पाहून पाण्याची वेळ सांगू शकत.

धक्क्याला होडी लावताना या माहितीचा उपयोग होतो. ओहोटीत खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवरून पाय घसरतो. लाटेबरोबर होडी वर-खाली होते. तेव्हा खलाशी हात देईल त्याच क्षणी पाऊल टाकायचे असते. किल्ल्यावर पोहोचल्यावर होडीवाले साधारण पाऊण ते एक तास देतात. काही जण एवढ्यावर समाधान मानत नाहीत. कोणी पूर्ण होडी आपल्यापुरती ठरवतात आणि म्हणतात, "आम्ही पैसे दिले आहेत, आम्हांला वाटेल तेव्हा परत येऊ." पण होडी भाड्याने मिळते, समुद्र भाड्याने मिळत नाही. पाणी आणि वारा कोणासाठी थांबत नाहीत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा या होड्या बंदच असतात.

समुद्राकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे आपण विसरता कामा नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडून मरण पावले. ती मुले तुमच्याहून थोडीच मोठी होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरी बेटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि दहाहून अधिक माणसांचा जीव गेला. अनेक प्रवाशांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. अपघात प्रवाशाच्या हातात नसतो. जाकीट घालणे मात्र त्याच्या हातात असते.

आपण मराठवाड्यातील माणसे. आपल्याकडे पाणी कमी, म्हणून ते दिसले की आनंद होतो. हा आनंद अवश्य घ्यावा. मात्र होडीत बसण्यापूर्वी जाकीट मागून घ्यावे व त्याचे पट्टे नीट बांधावेत. होडीत जास्त माणसे भरली असतील, तर पुढच्या होडीची वाट पाहावी. चालत्या होडीत उभे राहू नये. तांडेल "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. जंजिरा शेकडो वर्षे तेथेच उभा आहे. तो उद्याही तेथेच असेल.

शब्दार्थ
भुईकोट – सपाट जमिनीवरील किल्ला
डोलकाठी – शीड बांधण्याचा उंच खांब
भराव – दगडमाती टाकून केलेली जागा

स्वाध्याय
१. दुपारनंतर समुद्रावर लाटा का वाढतात?
२. चतुर्थीला पूर्ण भरती किती वाजता येईल? हिशेब करून सांगा.
३. 'होडी भाड्याने मिळते, समुद्र भाड्याने मिळत नाही,' असे लेखक का म्हणतो?
४. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा.