आधी व्हॅक्यूम, मग गॅस

जानेवारी संपत आला की मावळातला गुलाब परदेशी निघतो. चौदा फेब्रुवारी गाठायची म्हणून डिसेंबरातच फांद्या छाटून, वाकवून कळ्यांची वेळ साधलेली असते. फूल तोडलं की ते लगोलग दोन ते चार अंश सेल्सिअसच्या कोल्ड रूममध्ये जातं. तिथला गारवा एक रात्र जरी ढळला तरी कळी उमलते आणि निर्यातीचा माल घरच्या बाजारात मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कात काय किंवा पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये काय, वर्षाची मेहनत शेवटी एका कॉम्प्रेसरच्या भरवशावर असते. काढणीनंतरची हाताळणी शिकायला शेतकऱ्याला तळेगाव दाभाड्यात राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. पण मध्यरात्री कोल्ड रूमचा काटा चढू लागल्यावर ज्या कारागिराला फोन जातो, तो कुठं शिकला, हे फारसं कुणी विचारत नाही.

गारवा राखण्याची ही विद्या मावळ तालुक्याला नवी नाही. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाच्या सागरी अभियांत्रिकीची शाळा १५ फेब्रुवारी १९४५ पासून उभी आहे. जहाजाची इंजिनं सांभाळणारे आर्टिफिसर ॲप्रेंटिस इथं घडत आले. जहाजावरचं धान्य-मांस टिकवणारी शीतगृहं आणि वातानुकूलन यंत्रंही इंजिनाइतकीच जपावी लागतात, कारण भर समुद्रात दुरुस्तीला बाहेरचा माणूस येत नाही. त्या शिस्तीच्या कुंपणाबाहेर मात्र चित्र वेगळं आहे.

दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हा ट्रेड करता येतो. त्यात तांब्याच्या नळीचं फ्लेअरिंग आणि ब्रेझिंग, वायरिंग, गेज लावणं, लीक शोधणं असं सगळं येतं. पुढची उमेदवारी १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली. २०१९च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस असतील तर मर्जीचा मामला. आता लोणावळ्यातलं एसी-फ्रिजचं दुकान डोळ्यांसमोर आणा. मालक आणि हाताखाली दोन पोरं. कायद्याची गणती सुरू होते चारापासून, म्हणजे हे दुकान तिच्यात बसतच नाही. हॉटेलं, बंगले, चिक्कीच्या दुकानातले फ्रिज, दूधवाल्यांचे चिलर, सगळं याच पोरांच्या हाती. ती उस्तादाच्या मागं शिडी धरून शिकतात. उस्ताद चांगला असेल तर हातात जादू येते. पण उस्तादाला जे कुणी शिकवलं नाही, ते पोरालाही मिळत नाही.

न मिळणाऱ्या गोष्टींत पहिली आहे व्हॅक्यूम. गिऱ्हाईक म्हणतं, ‘गॅस भरून द्या’, आणि पोरगं तेवढंच काम समजतं. खरं काम त्याआधीचं. पाइप जोडून झाले की आत हवा आणि तिच्यातली वाफ कोंडलेली असते. लोणावळ्यात हा प्रश्न साधा नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्यानं जड असते. ती वाफ कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून मार्ग बंद करते. तेल आणि गॅसशी मिळून आम्ल तयार करते आणि मोटरचं वाइंडिंग खाते. नव्या आर-३२ किंवा आर-४१०ए गॅसच्या यंत्रांतलं सिंथेटिक तेल तर हवेतला ओलावा ओढूनच घेतं. यावर उपाय एकच. पंप लावून दाब इतका उतरवायचा की आतलं पाणी गार असतानाच उकळून बाहेर पडावं. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साडेसात लाख मायक्रॉनच्या वर; कारागिरानं पोहोचायचं पाचशे मायक्रॉनपर्यंत. साध्या गेजवर हा फरक दिसतच नाही, त्याला मायक्रॉन गेजच हवा. बऱ्याच ठिकाणी मात्र थोडा गॅस सोडून ‘हवा मारतात’ आणि नट आवळतात. मशीन त्या दिवशी गार करते. कॉम्प्रेसर जातो तो पुढं कधीतरी, आणि तेव्हा दोष कंपनीला मिळतो.

हा कामचुकारपणा नव्हे. अर्धा तास पंप चालवण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, आणि तो अर्धा तास कशासाठी हे पोराला कुणी समजावलेलं नसतं. माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा कस इथं लागतो: हाताची सफाई दुकानात येते, कारण मात्र शिकवावं लागतं.

कारण न कळता काम करणं आता जिवावर बेतू शकतं. जुना आर-२२ पेट घेत नसे. ओझोनच्या थराला धोका म्हणून तो २०३०पर्यंत हद्दपार होतो आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ मंद का होईना, पण जळतो, आणि त्याचा दाब आर-२२च्या साधारण दीडपटीहून जास्त असतो. काही एसींत आणि आता पुष्कळशा छोट्या फ्रीजरांत प्रोपेन किंवा आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. अशा लाइनवर गॅस न काढता टॉर्च पेटवणं म्हणजे आग ओढवून घेणं. दाबाची चाचणी नायट्रोजननंच करायची. ऑक्सिजन भरला तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून स्फोट होतो. ही दोन वाक्यं प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर रंगवली पाहिजेत.

मार्च २०१९मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतन कृती आराखड्यानं एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना शिकवायचं ठरवलं होतं. किगाली करारानुसार भारताला आर-३२ ज्यांत मोडतो त्या एचएफसी वायूंची घट २०३२पासून सुरू करून २०४७पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. म्हणजे आज शिडी धरणाऱ्या पोराला उभ्या हयातीत गॅस पुन्हा पुन्हा बदललेला पाहायचा आहे.

त्यातच हॉटेलं आणि बंगल्यांत आता हीट पंप येत आहेत. इथल्या ढगाळ पावसाळ्यात सोलर बंब हात टेकतो, तेव्हा पोहण्याच्या तलावाला आणि न्हाणीला गरम पाणी हाच पंप देतो. यंत्र तेच, फक्त आउटडोअरनं बाहेर टाकायची उष्णता इथं कामाला लावलेली. एक युनिट विजेत तीन-चार युनिटांची उष्णता मिळते, ती हवेतून उचललेली असते म्हणून. एसीचं चक्र ज्याला कळलं त्याला नवं काही शिकावं लागत नाही. ज्यानं नुसते नट आवळले तो इथं अडतो.

मोठा खर्च न करता काय जमेल? एका दुकानाला गॅस रिकव्हरी मशीन आणि मायक्रॉन गेज परवडत नाही. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या दुकानांनी मिळून घेतली तर परवडतील. शिकवायला जुने आयटीआय निदेशक आणि शिवाजीतून निवृत्त होऊन इथंच राहिलेले नौसैनिक मिळू शकतील. फुलांचे बागायतदार आणि हॉटेलवाले यांनी पोराचा शिकण्याच्या दिवसाचा रोज द्यावा, कारण नुकसान त्यांचंच वाचतं. आणि वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावा. तेव्हा एसीची कामं मंदावलेली असतात, बाहेर हवा ओलीचिंब असते, आणि पंप लावल्यावर मायक्रॉनचा आकडा खाली यायला किती वेळ लागतो ते पोरांना स्वतःच मोजता येतं.