पाळी सुटल्यावरचं कॉलेज

पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेनं १९७० साली काढलं. ज्यांचं नाव त्याला दिलं, त्या जोतीरावांनी १८५५ मध्ये पुण्यात राहत्या घरी कामकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. दिवसभर राबणाऱ्याला शिकवायचं तर घड्याळ त्याचं पाहावं लागतं, हे तेव्हाच कळलेलं होतं.

आज तळोजा एमआयडीसीत किंवा न्हावा-शेव्याच्या गोदामात काम करणाऱ्याला रोज संध्याकाळी सात ते नऊ असा वर्ग मिळाला, तरी फिरत्या पाळीत तो किती दिवस टिकेल? म्हणून बहुतेकांची वाट जाते ती यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९चं. त्याची स्वतःची कॉलेजं गावोगाव नाहीत; चालू महाविद्यालयांतच त्याची अभ्यासकेंद्रं असतात. खोल्या, बाकं कॉलेजची. अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची.

प्रवेश ऑनलाइन होतो. त्याआधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) आयडी काढून ठेवावा. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम आधी उरकावं. अर्जात अभ्यासकेंद्र निवडायचं असतं. घराजवळचंच घ्यावं असं नाही, पाळी सुटल्यावर जे वाटेत लागतं ते बरं.

मग संपर्कसत्रं. शिकवणाऱ्याला इथे समंत्रक म्हणतात. सत्रं बहुधा सुटीच्या दिवशी किंवा कॉलेजच्या वेळेबाहेर असतात. तिथे धडा पहिल्या ओळीपासून शिकवतील ही अपेक्षा मात्र सोडावी. पुस्तक वाचून, अडलेलं टिपून गेलं तरच त्या तासाचा उपयोग. कोऱ्या वहीनं जाणारे दुसऱ्या सत्रापासून दिसेनासे होतात.

खरा अभ्यास घरी किंवा गाडीत, आणि त्याचं मोजमाप श्रेयांकात. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास; वाचन, लेखन, संपर्कसत्र सगळं धरून. चार श्रेयांकांच्या विषयाला झाले १२० तास. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण मुंबईला कामाला जाणाऱ्या पनवेलकराच्या हाती एक गोष्ट आहे: हार्बरची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळण्याची आशा असते. सीएसएमटीपर्यंत जवळपास ८० मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस फक्त जाताना वाचलं तरी साडेसहा तासांच्या वर भरतात, म्हणजे १८ आठवड्यांत एक विषय हातावेगळा. बाकीच्या विषयांना रात्री आणि रविवार द्यावेच लागतात. येतानाच्या गर्दीत वाचण्याचं सोंग करू नये.

मधल्या काळात स्वाध्याय लिहून द्यायचे असतात. त्यांचे गुण थोडे, म्हणून लोक ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात किंवा दुसऱ्याचे उतरवतात. माझ्या मते सगळ्यात महागडी चूक ती हीच. वर्षानुवर्षं पेन न धरलेल्या हाताला तीन तासांच्या पेपरची सवय लागण्याची ती एकमेव जागा.

‘एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नको’ अशी पाटी लावलेल्या खासगी क्लासला पैसे देण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यतायादी पाहावी. विद्यापीठाबरोबरच नेमका अभ्यासक्रमही तिथे असायला हवा. दूरशिक्षणाची केंद्रं फ्रँचायझी म्हणून देता येत नाहीत, हा आयोगाचा नियम क्लासमध्ये बोलून दाखवला की समोरच्याचा सूर बदलतो. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरावी, हे आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलेलं आहे. कचेरीत कुणी नाक मुरडलं तर ते पत्रक दाखवावं.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी छापून सुपरवायझरकडे द्यावं आणि पाळी बदलून मागावी. परीक्षाकेंद्र अभ्यासकेंद्रापेक्षा वेगळं असू शकतं, तेव्हा प्रवेशपत्रावरचा पत्ता आधी जाऊन पाहिलेला बरा.