बॉयलर नसलेला कारखाना

मुलांनो, बोईसर स्टेशनवरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालात, की लांबूनच धुराडी दिसू लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे बाबा, काका तिथे पाळीला जात असतील. त्यांना विचारा, एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करायला काय काय लागतं? ते सांगतील, बॉयलरची वाफ लागते, कुठे दाब लागतो आणि तासन्‌तास थांबावं लागतं.

आपल्या शरीरातही सारखे पदार्थ बदलत असतात. पण तिथे तापमान अवघं ३७ अंश सेल्सिअस! मग काम उरकतं कसं? त्यासाठी शरीराकडे हजारो तऱ्हांचे कामगार आहेत. त्यांना म्हणतात विकरं. डॉक्टर त्यांनाच एन्झाइम म्हणतात. ही बहुतेक सगळी प्रथिनंच असतात.

तांदळाच्या भाकरीचा नुसता तुकडा, कालवण न लावता, दोन मिनिटं चावत राहा. हळूहळू गोडसर लागेल. साखर घातली कुणी? लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकरानं भाकरीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर केली. प्रत्येक विकराला एक खाच असते आणि तिच्यात ठरलेलाच पदार्थ बसतो. तो बसला की काम झटपट होतं, तयार माल बाहेर पडतो आणि विकर होतं तसंच पुढच्या कामाला मोकळं! अमायलेजला डाळीतलं प्रथिन द्या, ते ढुंकूनही बघणार नाही.

आणखी गंमत बघायचीय? मग मोठ्या माणसाला सोबत घ्या. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर त्याचे चार थेंब टाका. फस्स करून फेस येईल. बटाट्यातलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, तेही एका सेकंदात लाखो रेणूंचं! उकडलेल्या बटाट्यावर मात्र फेस येत नाही. उष्णतेनं प्रथिनाची घडी विस्कटते, खाचच मोडते. (थेंब डोळ्यांत उडू देऊ नका आणि ती फोड खाऊ नका बरं का!)

हेच पेरॉक्साइड आपल्या शरीरातही थोडं थोडं तयार होत असतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यापासून जपावं लागतं. त्या रखवालीत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर आहे. ते स्वतः लढत नाही, लढणाऱ्यांना रसद पुरवतं. पण रसदच तुटली तर?

आता आई-बाबांनाही वाचायला बोलवा. काही जणांत हे विकर जन्मतःच कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त वेळा. पारशी समाजात आणि पश्चिम भारतातल्या काही आदिवासी समाजांत हे अधिक आढळतं. एरवी या मुलांना बहुधा काहीच त्रास नसतो. ती धावतात, पोहतात, झाडावर चढतात. पण व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात यकृतात दडून बसलेले जंतू मारायला प्रायमाक्विन देतात. त्या औषधानं तांबड्या पेशींवरचा मारा वाढतो आणि रसद नसलेल्या पेशी फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. असं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा.

म्हणून औषधच नको, असं मात्र करू नका. ते नाही घेतलं तर हिवताप पुन्हा उलटू शकतो. गोळ्या सुरू होण्याआधीच डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. थोडंसं रक्त पुरतं. ज्यांच्यात हे विकर कमी आहे, त्यांच्यापासून कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही लांब ठेवाव्या लागतात.

आता हे विचित्र कोडं बघा. ज्या मुलखांत पूर्वापार हिवताप, तिथेच ही कमतरता जास्त! शास्त्रज्ञ म्हणतात, हिवतापाच्या जंतूला अशा दुबळ्या पेशीत नीट वाढता येत नाही.