वाडा जुना, भाडेकरू नवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरलं की गल्ली आधी कानाला कळते. लेथची घरघर, ग्राइंडरची किंचाळी आणि मध्येच कुणीतरी बिडावर मारलेला घणाचा ठोका. एका शेडपुढे बॉनेट काढलेली विलीज जीप उभी होती. चेनकुप्पीला टांगलेलं डिझेल इंजिन तिच्या पोटात बोटाबोटाने उतरत होतं आणि दोन पोरं ते हाताने वळवत होती. मिस्त्री जमिनीवर उकिडवे बसून इंजिनाचं समप, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, आणि पुढचा एक्सल यांच्यातली फट बघत होते.

"सूतभर घासतंय. घ्या वर."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढ्यासाठी दोन-अडीचशे किलोचा लोखंडाचा गोळा पुन्हा वर गेला. बाजूला स्टुलावर बसलेला जीपचा मालक कळवळून म्हणाला, "बसतंय की मामा!" मिस्त्रींनी वर न बघताच उत्तर दिलं, "बसवायला काय, विहिरीवरचं लिस्टर पण बसवतो. चालवणार कोण?"

जुन्या गाडीत नवं इंजिन हा अमेरिकेत हौसेचा मोठा प्रांत आहे. तिथल्या पोरांनी १९३२ च्या फोर्डच्या सांगाड्यात मिळेल ते मोठं इंजिन घातलं. १९५५ मध्ये शेवरलेचं आटोपशीर व्ही-एट आलं, तेव्हापासून तर ते कशातही बसवायचा रिवाजच पडला. त्यांना वेग हवा होता. आपल्याकडे प्रश्न साधा होता: लिटरला किती जाते आणि पार्ट मिळतो का? उद्यमनगरातला माणूस गाडीकडे वाड्यासारखा बघतो. वाडा आजोबांचा, तो पाडायचा नाही. आतला भाडेकरू परवडेनासा झाला की दुसरा आणायचा.

जीपच्या बाबतीत तर हे तिच्या जन्मापासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजमध्ये 'गो डेव्हिल' नावाचं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. पुढे विलीजने नवं इंजिन काढलं, 'हरिकेन'. त्यात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने बॉडीचा नवा साचा करण्याऐवजी बॉनेट आणि पुढची जाळी सरळ उंच केली. १९५३ ची ही सीजे-थ्री-बी. महिंद्रने परवाना घेऊन हीच पुढे कित्येक वर्षं बनवली. जंगल खात्याच्या, पोलिसांच्या, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाच्या ज्या जीपा आपण लहानपणी पाहिल्या, त्यांचं ते कपाळ वर आलेलं तोंड म्हणजे न मावणाऱ्या इंजिनासाठी केलेली तडजोड आहे. आपल्याला ते रुबाबदार वाटतं, ही गोष्ट वेगळी.

महिंद्र तिथे थांबलं नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी बी-२७५ ट्रॅक्टर बनवत होती. त्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचा अवतार जीपमध्ये आला. मग फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल आलं. वाडा अमेरिकन, भाडेकरू आधी शेतकरी, मग फ्रेंच.

बाकीच्या कारखान्यांचं वेगळं काय होतं? अँबॅसिडर ही १९५७ पासून चाललेली मॉरिस ऑक्सफर्ड. १९९२ मध्ये तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं जपानी पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा खोका आला. दारं, डिकी, मागची बाकासारखी सीट जिथल्या तिथे. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने फियाट १२४ च्या अंगात निस्सानचं इंजिन घालून ११८ एनई काढली आणि अखेरच्या वर्षांत पद्मिनीलाही डिझेल इंजिन दिलं. परवाना राज्यात नवी गाडी काढणं म्हणजे दिल्लीचे खेटे. बॉडीचे साचे बदलायला पैसा नाही, परकीय चलन नाही. मग इंजिन बदला. उद्यमनगरातला मिस्त्री अंगणात जे करत होता, तेच मोठे कारखाने जाहिरात देऊन करत होते. त्याच्या कामाला जुगाड म्हणायचं आणि त्यांच्या कामाला नवं मॉडेल, हा भेद मला कधी पटला नाही.

मात्र हे काम करायला सभोवती एक गाव लागतं. कोल्हापूरकडे ते आहे. इथे यंत्र उघडून बघायची खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पंचगंगेकाठचा ऊस, गुऱ्हाळं आणि विहिरी यांना ऑइल इंजिनं लागत होती. विलायती लिस्टर, मिनिटाला साडेसहाशे फेरे, सहा अश्वशक्ती आणि दोन अवजड फ्लायव्हील. ते बंद पडलं की ऊस वाळणार आणि पार्ट यायचा बोटीने. म्हणून पार्ट इथेच ओतायला लागले. पार्ट ओतता ओतता अख्खं इंजिन ओतता येतं, हे कळायला वेळ लागला नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात. आता गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल धरून फौंड्र्या तीनशेच्या घरात आहेत. ट्रॅक्टर-ट्रक कंपन्यांचे सिलिंडर ब्लॉक आणि हेड इथे ओतले जातात, पिस्टन इथे बनतात आणि किर्लोस्करांची इंजिनं कागलमधून बाहेर पडतात. एखाद्या गल्लीत पॅटर्न करणारा, बीड ओतणारा, बोअरिंगवाला, स्प्लाइन कापणारा आणि डिझेल पंप कॅलिब्रेट करणारा हाकेच्या अंतरावर असतील, तर नसलेला पार्ट ही अडचण उरत नाही. दुपारच्या चहापर्यंतचं काम उरतं.

आता त्या जीपकडे. इंजिन बसवणं म्हणजे फाउंडेशनला चार बोल्ट मारणं, असं बाहेरच्याला वाटतं. खरी डोकेदुखी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध असते. नव्या इंजिनाच्या मागच्या तोंडाची भोकं आणि जुन्या बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत. मग मधे जाड प्लेट येते. एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. ही प्लेट लेथवर अशी बसली पाहिजे की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा. इथे सूत फार मोठं माप झालं. केसाच्या जाडीएवढा फरक राहिला तरी बेअरिंग गुणगुणायला लागतं आणि काही महिन्यांत शाफ्टचं टोक खाल्लं जातं. क्लच प्लेटही मिश्र विवाहाची: घेर नव्या इंजिनाचा, मधला स्प्लाइनचा हब जुन्या गिअरबॉक्सचा, दोन्ही रिवेट मारून एक केलेले.

इंजिन मागे सरकलं की प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा, पुन्हा बॅलन्स करायचा. क्रॉसचा कोन फार झाला तर चाळीसच्या पुढे जीप थरथरते. मग रेडिएटर. डिझेलची गर्मी निराळी. जुन्या जाळीमागे जास्त नळ्यांचा रेडिएटर बसवताना पंखा आणि त्याच्यात चार बोटं राहिली पाहिजेत. सायलेन्सरचा पाइप हमखास स्टीअरिंग बॉक्सपाशी अडतो.

यातलं सगळ्यात शिकवणारं गणित मला क्राउन-पिनियनचं वाटतं. सीजे-थ्री-बीच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. सोळा इंची रिमच्या बारीक टायरवर, टॉप गिअरमध्ये, इंजिनाच्या तीन हजार फेऱ्यांना जीप ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास पोचते. जुन्या डिझेलची दमछाक तिथेच सुरू होते. गगनबावड्याच्या घाटात हेच गुणोत्तर देवासारखं धावून येतं, पण पुण्याच्या हायवेवर बैलगाडीत बसल्यासारखा जीव नकोसा करून सोडतं. ४.२७ चा जोड घातला की त्याच फेऱ्यांना ९५ मिळतात, मात्र घाटात चढ सुरू होताच हात गिअरच्या दांड्याकडे जातो. मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतच नाहीत. "जाणार कुठं?" असं विचारतात. वडापला, म्हणजे भाड्याच्या प्रवासी जीपला, आमच्याकडे डझनभर माणसं भरून डोंगरातल्या वाड्यांवर जायचं असायचं. तिथे वेग कुणाला हवा होता?

पूर्वीच्या भाडेकरूंत सगळ्यांत लाडकं होतं मॅटॅडोर-ट्रॅक्सचं इंजिन. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल परवान्यावर बनवलं. जर्मनीत ते २४० डी या गाडीत बसून टॅक्सीचं काम करायचं. इथे ते ट्रॅक्समध्ये बसून वडापचं काम करू लागलं, आणि अपघातातल्या ट्रॅक्समधून निघून जीपमध्ये, अँबॅसिडरमध्ये गेलं. 'मर्सिडीजचं इंजिन हाय' हे वाक्य कोल्हापुरात ज्या अभिमानाने म्हटलं जायचं, ते स्टुटगार्टमध्येही कुणी म्हटलं नसेल.

दुचाकीलाही हाच नाद. बुलेटमध्ये डिझेल. रॉयल एन्फील्डने स्वतःच ग्रीव्ह्ज-लोम्बार्दिनीचं ३२५ सीसीचं, साडेसहा अश्वशक्तीचं इंजिन घालून 'टॉरस' काढली होती. शेतीपंपाच्या जातकुळीचं ते इंजिन लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर द्यायचं आणि आरशात मागचं काही दिसू द्यायचं नाही, इतकं थरथरायचं. दूधवाल्यांना ती आवडायची. दूध हलून लोणी येतं, हा विनोद मी किमान चार तालुक्यांत ऐकलाय.

या सगळ्याच्या मुळाशी होती डिझेल आणि पेट्रोल यांच्या भावातली दरी. पेट्रोलचा भाव सरकारने २०१० मध्ये मोकळा केला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. दरी बुजत आली तशी परवडतं म्हणून इंजिन बदलणारे कमी झाले. आता येतो तो हौशी. त्याला आजोबांची जीप हवी आणि तिच्यात स्कॉर्पिओतलं २.२ लिटरचं एमहॉक हवं. १२० अश्वशक्ती, म्हणजे युद्धातल्या विलीजच्या बरोबर दुप्पट. आणि इथे जुन्या मिस्त्रींची गाडी अडते. जुनं डिझेल सरळ माणूस होतं: हवा, डिझेल, एक वायर. एमहॉकसारख्या नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये दीड हजार बारच्या आसपास दाब असतो आणि नोझल कधी उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरला क्रँकची, कॅमची, पेडलची, तापमानाची खबर हवी. चावी ओळखीची नसेल तर तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. नुसतं इंजिन आणून भागत नाही, दात्या गाडीचा डॅशबोर्डापर्यंतचा वायरिंगचा जुडगा सोलून आणावा लागतो. शेडमध्ये आता लॅपटॉप घेतलेलं एक पोरगं बसलेलं असतं. लोखंडाचं काम मामांचं, वायरीचं काम पोराचं. दोघे एकमेकांना अर्धवट समजतात आणि मी पाहिलं तेव्हा त्यांचं फार मजेत चाललं होतं.

ब्रेकवर मात्र कुणी पुरेसं बोलत नाही. ६० अश्वशक्तीसाठी केलेले नऊ इंची ड्रम आणि पाट्यांवरचं ते अंग, त्यावर दुप्पट जोर टाकायचा म्हणजे आधी थांबण्याची सोय बघायला हवी. शहाणा मिस्त्री आधी पुढे डिस्क ब्रेक बसवतो. गिऱ्हाईक आधी सायलेन्सरचा आवाज विचारतो.

यानंतर उरतो कागद. इंजिन नंबर आरसी बुकात असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलाला परवानगी देत नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. दुसरं इंधन किंवा बॅटरी यांच्यासाठी अटींसह वाट ठेवली आहे; प्रमाणित किट असेल तर जुन्या गाडीत विजेची मोटर कागदोपत्री बसू शकते. कारखान्याने पद्मिनीत डिझेल घातलं तर मॉडेल, आणि एमएच-०९ च्या जीपमध्ये मिस्त्रीने घातलं तर गुन्हा. न्यायालयाची काळजी रास्त आहे, कारण घाटात समोरून येणाऱ्याचाही जीव असतो. तरी ज्याचं काम तपासून घेता येईल अशा कारागिराला तपासणीचं दारच नसावं, हे खटकतं.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी दुचाकी-चारचाकी असेल, तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा तिच्याभोवती उसळणारी गर्दी पाहिली की असल्या नियमामागचा भाव कळतो. पण चाळीस वर्षांपूर्वी डिझेल घातलेली, त्यावर दोन पोरींची लग्नं केलेली जीप या नियमात बसत नाही. तिचा सगळा इतिहास त्या बदललेल्या इंजिनातच आहे आणि तोच तिला अपात्र ठरवतो.

दुपारी तिसऱ्या खेपेला इंजिन बसलं. समपचा एक कोपरा कापून, आत वळवून, वेल्डिंग मारून जागा केली होती. मिस्त्रींनी फटीत बोट फिरवून बघितलं आणि चहा सांगितला.

जुनं इंजिन शेडच्या मागच्या भिंतीला होतं. एरवी ते तासाभरात भंगारवाल्याच्या काट्यावर गेलं असतं. यावेळी मात्र त्याची सगळी तोंडं लाकडी बुचांनी बंद केली होती. सिलिंडरमध्ये तेल सोडलं होतं, वरून गोणपाट गुंडाळलं होतं. मालक पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन वाकला आणि ब्लॉकवरचा नंबर बघून बघून तोच नंबर गोणपाटावर मोठ्या अक्षरांत काढू लागला. तिसऱ्या आकड्याला थांबला. ब्लॉकवरचा आकडा तीन आहे की आठ, हे त्याला गंजामुळे दिसत नव्हतं.

"पॉलिश पेपर घे," मिस्त्री म्हणाले, "हलक्या हातानं घास."