गिरणीच्या फरशीवरून मूर ओलांडताना

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांदरम्यान धावणारी आगगाडी डोंगरांच्या कुशीतील एडेल नावाच्या चिमुकल्या स्थानकावर थांबते, आणि तेथे उतरणाऱ्या उतारूंपैकी ज्यांच्या पाठीवर जड ओझे असते ते बहुधा उत्तरेची वाट धरतात. कारण इंग्लंडच्या पाठीच्या कण्यासारखी पसरलेली जी पेनाइन पर्वतराजी, तिच्या माथ्यामाथ्याने स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येथोम गावापर्यंत जाणारा २६८ मैलांचा 'पेनाइन वे' हा पायरस्ता येथूनच सुरू होतो. मी त्याच्या केवळ पहिल्या मजलेचा वाटसरू होतो. एडेलपासून क्राउडनपर्यंतचे अंतर सोळा मैलांचे. परंतु त्या सोळा मैलांत पायाखाली जे आले ते मनातून अजून उतरलेले नाही.

पूर्वी हा मार्ग गावामागच्या घळीतून थेट किंडर स्काउटच्या पठारावर चढत असे. पण असंख्य बुटांखाली तेथील माती उसवत गेली, म्हणून तो पश्चिमेकडील 'जेकब्स लॅडर' या दगडी चढणीवरून वळवण्यात आला. चढण संपली की झाडे संपतात, कुंपणे संपतात, आणि इंग्रज ज्याला 'मूर' म्हणतात तो मुलूख लागतो. आपल्याकडच्या माळासारखाच तो उघडाबोडका दिसतो खरा. परंतु आपला माळ कोरडा आणि तापलेला, तर हा बारमाही भिजलेला. हेदरची खुरटी झुडपे आणि पांढरे तुरे डोलवणारे कापूसगवत यांच्याखाली येथे 'पीट' नावाची काळी, लोण्यासारखी मऊ माती आहे. पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे पुरते न कुजलेले जे शेवाळ, त्याचाच हा साठा. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारा. म्हणजे ओघळीच्या कडेला पुरुषभर उंचीची जी काळी भिंत दिसते, ती रचायला निसर्गाला सुमारे दोन हजार वर्षे लागली असली पाहिजेत. स्फॅग्नम नावाच्या या शेवाळाची मूठभर जुडी मी पिळून पाहिली, तो ओल्या पंच्यातून निघावे तसे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, आणि मूठ उघडताच जुडी पुन्हा फुलून आली.

पठाराच्या पश्चिम कडेने जाताना किंडर नदीचा धबधबा लागतो. पश्चिमेचा वारा जोराचा असेल तर त्याचे पाणी खाली न पडता उलट वर उडते. त्याच्या पलीकडे विल्यम क्लफ नावाची घळ वर येऊन वाटेला मिळते. तेथे मी मुद्दाम थांबलो. १९३२ साली हा सारा माथा जमीनदारांच्या खाजगी मालकीचा होता; ग्राउस पक्ष्यांची शिकार वर्षातून मोजकेच दिवस चाले, परंतु त्यासाठी सामान्य माणसाला बारा महिने मज्जाव असे आणि तो अमलात आणायला सोटेधारी रखवालदार ठेवलेले असत. सहा दिवस गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या मजुराला रविवारी हे डोंगर आपल्या गल्लीच्या टोकावरून दिसत, पण तेथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. अखेर २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसे हेफील्ड गावाहून निघाली आणि याच घळीच्या उतारावरून हुकूम मोडून वर चढली. रखवालदारांशी झटापट झाली, धरपकड झाली, आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. एका चालण्यापायी एवढी शिक्षा! त्या निकालाने लोकमत उलट पेटले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि वहिवाट यांविषयीचा कायदा झाला, १९५१ मध्ये हा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००२ साली, घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या वेळच्या जमीनमालकाचे नातू, डेव्हनशरचे ड्यूक, यांनी जाहीरपणे क्षमा मागितली. त्या उतारावर उभे असता हेदरमधून एक ग्राउस फडफडत उठला. त्याची हाक 'गो बॅक, गो बॅक', म्हणजे 'परत जा, परत जा', अशी ऐकू येते. मी पुढेच गेलो.

मिल हिलनंतर सपाट दलदल सुरू होते, आणि तिच्यावरून दगडी फरश्यांची एकेरी वाट थेट स्नेक खिंडीतल्या हमरस्त्यापर्यंत जाते. या फरश्या लँकेशरमधील मोडीत काढलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. वाटसरूंच्या पायांनी रस्ता चिखलाच्या रुंद पट्ट्यासारखा पसरू लागला, तेव्हा १९९० च्या दशकात त्या हेलिकॉप्टरने येथे आणून अंथरण्यात आल्या. खाली वाकून पाहिले तर कित्येकींवर यंत्रे जखडण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. एका भोकात पावसाचे पाणी साचले होते आणि कडेला शेवाळाचा हिरवा ठिपका धरला होता. १८६१ ते ६५ या काळात, अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला असता, पश्चिम भारताचा कापूस मुंबई बंदरातून याच लँकेशरकडे जात होता, हे आठवले आणि त्या भोकावरून मी बोट फिरवले.

याच गिरण्यांच्या धुराने मूरचा घात केला होता. दीडशे वर्षे पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आलेली काजळी आणि आम्लाचा पाऊस यांनी स्फॅग्नम मारून टाकले. आच्छादन गेल्यावर पीट उघडे पडले, वणव्यांनी जळले, पावसाने वाहून गेले. २००३ पासून येथे दुरुस्तीचे काम चालू आहे: ओघळींना छोटे बांध घालायचे, उघड्या मातीवर चुना आणि गवताचे बी टाकायचे, आणि मग शेवाळाची रोपे हाताने लावायची. खिंडीपलीकडच्या ब्लीकलो डोंगराच्या माथ्यावर अशा बांधामागे साठलेल्या काळ्या डबक्यात मला पोपटी गादीसारखे नवे स्फॅग्नम दिसले. इतका आनंद मला त्या दिवशी दुसऱ्या कशानेही झाला नाही.

हा मार्ग ज्याने कल्पिला तो टॉम स्टीफन्सन लँकेशरचाच. तेराव्या वर्षी कापडछपाईच्या कारखान्यात कामाला लागलेला. पुढे पत्रकार झाल्यावर १९३५ मध्ये 'डेली हेरल्ड'मधील लेखात त्याने या लांबलचक हिरव्या वाटेची मागणी केली. जमीनमालक, पाणीखाती आणि सरकारी दप्तरे यांच्याशी वाटाघाटी करता करता तीस वर्षे गेली आणि रस्ता २४ एप्रिल १९६५ रोजी, किंडरच्या त्या मोर्चाला बरोबर तेहेतीस वर्षे झाली त्या दिवशी, खुला झाला.

ब्लीकलोवर जेथे फरशी नाही तेथे माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, आणि तो बाहेर ओढताना त्या थंड, जड मातीची पकड चांगलीच जाणवली. तेथून टॉरसाइडच्या घळीच्या कडेने उतरल्यावर खाली लाँगडेंडेल खोऱ्यातील तलाव दिसतात. मँचेस्टरला पाणी पुरवण्यासाठी जॉन बेटमन या अभियंत्याने १८४८ ते १८७७ या काळात ही धरणे बांधली. टॉरसाइडच्या बांधावर मी बूट उतरवला आणि झटकला. आतून निघालेल्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता, आणि खाचांतली काळी माती मी काडीने काढून गवतात टाकली. क्राउडन तेथून मैलभर होते.