एक टायर की जोडी?

कारचा टायर कडेला फाटला की पंक्चर काढून भागत नाही, बदलावाच लागतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, जोडीच टाका." आपल्याला वाटतं, हा खिसा कापतोय!

पण मित्रांनो, गणित करून बघा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल. शेजारच्या जुन्याची समजा २ मिमी उरलीय. म्हणजे व्यासात १२ मिमीचा फरक. चाक ५६ सेंमीचं धरलं तर जुनं चाक किलोमीटरमागे बाराएक फेरे जास्त फिरतं. सांगोल्याहून पंढरपूरला पोचेपर्यंत पावणेचारशेच्या वर! ही चाकं इंजिनाकडची असतील तर हा फरक डिफरन्शियलने सोसायचा. एरवी त्याचं काम वळणावर. आता सरळ रस्त्यावरही सुट्टी नाही. शिवाय ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. (आपल्याकडे पाऊस कुठाय, म्हणू नका. पहिल्या सरीतच रस्ता जास्त निसरडा असतो.)

दुसरा टायर जवळपास नवाच असेल तर मात्र त्याच मापाचा, त्याच नक्षीचा एकच घ्या, खुशाल.

जोडी घेतलीत तर ती मागे बसवा, मागचे टायर पुढे आणा. पुढची चाकं घसरली तर स्टीअरिंगला कळतं. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, सावरायला वेळच मिळत नाही. उरलेला जुना, नक्षी १.६ मिमीच्या वर असेल तरच, स्टेपनीला.