प्रस्थानाचे कागद

अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ सामान्यतः फेब्रुवारी १८१३ पासून धरतात. त्या महिन्यांत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबई बंदरांत उतरले. आमच्या मतें हा आरंभ नसून मध्य आहे. त्यापूर्वीं कित्येक वर्षें अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ह्या मंडळींची घर सोडण्याची तयारी चालली होती, व त्या तयारींतून नाना जातींचे कागद निर्माण झाले. ते कोणते आणि त्यांवरून काय कळतें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. मिशनऱ्यांचा कागद दिसला कीं तो बाटवाबाटवीचा म्हणून बाजूस टाकण्याची आपल्याकडील कित्येक संग्राहकांची चाल आहे. धर्ममताचा प्रश्न वेगळा, कागदाचा वेगळा.

सन १८०६ मध्यें विल्यम्स कॉलेजचे पांच विद्यार्थी वादळांत गवताच्या गंजीच्या आडोशास बसले असतां आशियांत धर्मोपदेशास जाण्याचें बोलणें निघालें, ही कथा प्रसिद्धच आहे. तिचा विस्तार करीत नाहीं. कागदांच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें साल १८०८ होय. त्या वर्षीं सॅम्युएल मिल्स आदि तरुणांनीं एक बंधुमंडळ स्थापिलें आणि त्याचे नियम गुप्त लिपींत लिहून ठेविले! आमच्याकडील अंकपल्लवी उलगडणाऱ्या मित्रांस हें वाचून कौतुक वाटेल. परंतु येथें लपविण्यासारखें राजकारण कोणतेंही नव्हतें. लोकांस हा बेत वेडेपणाचा वाटेल, आणि तो फसल्यास पुढें कोणी नांव घेणार नाहीं, एवढीच धास्ती होती. नियमांचें सार असें कीं, सभासदानें प्रस्थानास आड येईल असें कोणतेंही बंधन पत्करूं नये आणि हांक येईल तेव्हां निघण्यास सिद्ध असावें. आपल्या धर्मशास्त्रानें ऋणें फेडून मग मोक्षमार्गास लागावें असें सांगितलें आहे. ह्या तरुणांचा विचार ऋण होऊंच न देण्याचा दिसतो. हॉल ह्यास कनेक्टिकट प्रांतांतील एका गांवीं पाद्रीची कायमची जागा देऊं केली असतां त्यानें ती नाकारली, त्याचा अर्थ ह्या नियमांशेजारीं ठेवून पाहिल्यास नीट लागतो.

दुसरा कागद म्हणजे जून १८१० मध्यें ब्रॅडफर्ड येथील धर्मसभेपुढें ठेवलेला अर्ज. त्यावर जडसन, नॉट, मिल्स व न्यूएल अशा चौघांचीं नांवें आहेत. मुळांत तीं सहा होतीं. इतक्या जणांचा खर्च पाहून सभा बिचकेल म्हणून राइस व रिचर्ड्स ह्यांचीं नांवें काढून टाकिलीं. अर्जावर नांवें किती असावींत ह्याचा इतका सूक्ष्म विचार करणारा अर्जदार आम्हांस शाळेंत तरी क्वचितच भेटला. ह्या अर्जांतून अमेरिकन बोर्ड जन्मास आलें. गाळलेल्या नांवांपैकीं राइस शेवटीं निघण्याच्या तोंडावर मंडळींत आला, तोहि आपला खर्च आपण उभा करण्याच्या अटीवर. उलट, ज्याच्या प्रेरणेनें हें सर्व घडलें तो मिल्स मायदेशींच राहिला. म्हणून सहीवरून मनुष्य गेला असें धरून चालूं नये.

तिसरी जात घरच्या पत्रांची. जडसन ह्यानें अॅन हॅसेल्टाइन हिच्या पित्यास तिला मागणी घालणारें पत्र लिहिलें. येत्या वसंतांत कन्येस निरोप देऊन ह्या जन्मीं तिचें पुन्हा दर्शन न होण्यास, सागराच्या, हवेच्या व दारिद्र्याच्या हालांस, किंबहुना अपघाती मृत्यूसहि आपली संमति आहे काय, असें त्यानें सरळ विचारिलें. मागणीच्या पत्रांत वराकडील वैभव वर्णन करण्याची रीत सर्वत्र आहे. असें उलट पत्र आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. पित्यानें निर्णय कन्येवर सोपविला. तिची मैत्रीण हॅरिएट अॅटवुड हिचे वडील वारले होते. तिनें न्यूएलशीं विवाह केला तेव्हां ती अठरा वर्षांची होती. विसर्जनाच्या वेळीं देवतेसहि पुन्हा येण्याची विनंती करणारे आपण लोक. ह्या घरांतील निरोपांत ती विनंतीच नव्हती, हें लक्षांत घेतल्यावांचून हीं पत्रें वाचूं नयेत.

हिशेबाचे कागद रुक्ष खरे, पण बोलके आहेत. विवाहितास वर्षास ६६६ डॉलर ६६ सेंट व अविवाहितास ४४४ डॉलर ४५ सेंट असें वेतन ठरलें. हॉल व न्यूएल वैद्यकाचीं व्याख्यानें ऐकण्यास फिलाडेल्फियास गेले. इतक्यांत, जानेवारी १८१२ मध्यें, कलकत्त्यास जाणारें एक जहाज थोड्याच दिवसांत सुटणार अशी वर्दी आली. इंग्लंडशीं युद्ध जवळ आलेलें. संधि गेली तर पुन्हा केव्हां येईल ह्याचा नेम नव्हता. सुमारें तीन आठवड्यांत सहा हजार डॉलरांहून अधिक वर्गणी जमली. ता. ६ फेब्रुवारीस सेलम येथें पांच जणांस दीक्षा झाली. जडसन व न्यूएल हीं दोन्ही दांपत्यें ता. १९ रोजीं सेलमहून 'कॅराव्हान' जहाजावर निघालीं. हॉल, राइस व नॉट दांपत्य फिलाडेल्फियाकडून 'हार्मनी'वर गेलीं.

आतां मुख्य मुद्दा. ह्या सर्व तयारींत वेतन आहे, औषध आहे, मातापित्यांची संमति आहे. मराठी भाषा मात्र कोठेंच नाहीं. असणार तरी कशी? बोर्डाची दृष्टि प्रथम ब्रह्मदेशावर होती. वस्तुतः त्याच वेळीं श्रीरामपुरास केरीसाहेबांचें मराठी व्याकरण (१८०५) व मोडी टाइपांत छापिलेला कोश (१८१०) तयार होते, आणि केरींच्या ह्या कामांत वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. 'कॅराव्हान' समुद्रांत असतांनाच ता. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरचा छापखाना आगींत जळाला. तेव्हां भाषेची तयारी येथें, माणसांची तेथें, आणि दोघींस एकमेकींचा पत्ता नाहीं, अशी ही स्थिति होती. केवळ अमेरिकेंतील दप्तर पाहून मराठी मिशनचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याचा अर्धा भाग कोरा राहतो तो ह्यामुळें.

पुढील हकीकत थोडक्यांत. कंपनी सरकारनें मंडळींस कलकत्त्यांत राहूं दिलें नाहीं. जडसन दांपत्य व राइस बॅप्टिस्ट झाले. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघालें. वाटेंत हॅरिएटचें तान्हें मूल गेलें आणि ता. ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं तीहि गेली. वय एकोणीस. तिचीं पत्रें व रोजनिशी लवकरच छापून निघालीं. हॉल व नॉट मुंबईस आले, तेथूनहि त्यांस घालविण्याचा हुकूम झाला. गव्हर्नर नेपियन ह्यांस हॉलनें लिहिलेलीं विनंतीपत्रें ही प्रस्थानाच्या कागदांची अखेरची जात समजावी. १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली, आणि १८१७ पासून मुंबईंत त्यांच्या छापखान्यांतून मराठी पुस्तकें निघूं लागलीं. हीं प्रारंभीचीं चोपडीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं नव्यानें बांधून घेण्यापूर्वीं पुठ्ठ्यांतील व अस्तरांतील कागद अवश्य तपासावे. जुन्या बांधणींत रद्दी म्हणून घातलेले लेख सांपडतात.

नॉट प्रकृतीमुळें परतला, न्यूएल १८२१ मध्यें मुंबईंत वारला. हॉलनें १८२५ मध्यें पत्नी व मुलांस अमेरिकेस पाठविलें आणि आपण राहिला. मार्च १८२६ मध्यें तो नाशिककडे गेला. तेथें पटकीची साथ होती. परततांना ता. २० मार्च रोजीं दोडी-दापूर येथें त्याच रोगानें त्याचा अंत झाला. मराठी नवा करार त्याच वर्षीं छापून पुरा झाला.